चाहूल आधी कोणाला लागते?

पूर्ण काळोखी खोली. जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर, उंचावरच्या दांडीवर एक गव्हाणी घुबड आणि पानांत सोडलेला एक उंदीर. उंदीर चालायला लागतो, पानं कुरकुरतात आणि दुसऱ्याच क्षणी तो घुबडाच्या पंजात असतो. रॉजर पेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात असे प्रयोग सुरू केले, तेव्हा प्रश्न साधा होता. डोळ्यांना काहीच दिसत नसताना घुबडाला उंदीर सापडतो कसा? वासाने, अंगाच्या उबेने, की आवाजाने? उत्तर शोधायला उंदराऐवजी कागदाचा एक बोळा पानांतून ओढला गेला. घुबडाने त्यावरही झडप घातली. बोळ्याला ना उंदराचा वास, ना ऊब. आणि घुबडाचा एक कान बंद केला की त्याचा नेम चुकायचा.

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेग, नख्या आणि दात येतात. पण लहान प्राण्यांच्या शिकारीत त्यांची पाळी अगदी शेवटी येते, तीही क्षणभरापुरती. उंदीर, खार, सरडा, चिमणी यांना लपायला एखादी फट पुरते. धोका दोन सेकंद आधी कळला तरी ते सुटतात आणि शिकाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून खरा सामना चाहुलीचा असतो. सावजाची चाहूल आपल्याला आधी लागावी आणि आपली त्याला लागू नये, या दोन गरजा एकदा ध्यानात घेतल्या की शिकारी प्राण्यांच्या अंगावरच्या कितीतरी विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

घुबडापासूनच सुरुवात करू, कारण माझ्या मते चाहूल घेण्यात त्याच्या तोडीचा शिकारी विरळा. गव्हाणी घुबडाचा पांढरट, बदामाच्या आकाराचा चेहरा म्हणजे खरं तर आवाज गोळा करणारी थाळी आहे. नीट ऐकू येत नसलं की आपण कानामागे पंजा धरतो. त्याच्या चेहऱ्यावरची ताठ पिसं तेच काम कायम करत असतात. त्या पिसांआड दोन कान असतात आणि ते एका पातळीत नसतात. डाव्या कानाचं भोक थोडं वर असून त्याचा रोख खाली असतो, उजव्याचं थोडं खाली असून रोख वर असतो. त्यामुळे खालून येणारा आवाज डाव्या कानाला किंचित मोठा ऐकू येतो, वरून येणारा उजव्याला. झाली उंची कळण्याची सोय.

डावं-उजवं कळतं ते वेळेवरून. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानात आधी पोहोचतो आणि उजव्यात मग. घुबडाचं डोकं एवढंसं, त्यामुळे हा फरक सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. घुबडाचा मेंदू तो मोजतो. मासाकाझू कोनिशी आणि एरिक नडसेन या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की गव्हाणी घुबडाच्या मेंदूच्या मधल्या भागात अवकाशाचा एक नकाशाच असतो. तिथली एक पेशी समोरून थोडं खालून आलेल्या आवाजालाच दाद देते, शेजारची पेशी त्याच्या शेजारच्या दिशेला, आणि असं करत समोरचं सगळं जग तिथे मांडलेलं असतं. डोळ्यांचं एक बरं असतं. समोरच्या दृश्याचं चित्र पडद्यावर आयतंच उमटतं. कानाला असं काही आयतं मिळत नाही. दोन कानांतल्या आवाजांची तुलना करून ही जागा मेंदूला स्वतः काढावी लागते, तीही उडता उडता. मला हे वाचून कितीदा तरी थक्क व्हायला झालं आहे.

हे झालं चाहूल घेण्याचं. चाहूल लागू न देण्याची सोय पंखांत आहे. पक्षी उडतो तेव्हा हवा पंखाच्या कडांवर फाटते आणि तिचा आवाज होतो. कबुतर उडालं की फडफड लांबवर ऐकू येते. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि पिसांच्या वरच्या बाजूवर मखमलीसारखी लव असते. शिवाय अंगाच्या मानाने पंख मोठे, त्यामुळे त्याला सावकाश उडता येतं. परिणाम असा, की घुबड डोक्यावरून गेलं तरी आपल्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही. याचा फायदा दुहेरी आहे. उंदराला घुबड ऐकू येत नाही, आणि घुबडाच्या कानात स्वतःच्याच पंखांचा गोंगाट नसल्यामुळे उंदीर शेवटपर्यंत ऐकू येत राहतो. मासे पकडणाऱ्या घुबडांच्या पंखांना ही झालर आणि दाते जवळजवळ नसतात. पाण्यातल्या माशाला हवेतली फडफड कुठली ऐकू यायला? गरज नाही, म्हणून सोयही नाही.

झडप घालताना शेवटच्या क्षणी घुबड डोकं मागे घेतं आणि पाय पुढे आणतं. डोकं ज्या रेषेवर होतं त्याच रेषेवर आता पंजे येतात. गंमत म्हणजे उंदीर ज्या दिशेने चालला असेल, त्याच्या लांबट अंगावर नीट बसतील असे ते पंजे वळलेले असतात. म्हणजे तो कुठे आहे एवढंच नाही, तर कुठे निघाला आहे हेही घुबडाने ऐकलेलं असतं.

दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांचा भर डोळ्यांवर. कापशी घार किंवा खरुची, म्हणजे केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा, मोकळ्या माळावर एका जागी पंख मारत तरंगताना दिसतात. नीट पाहिलंत तर लक्षात येईल, की वाऱ्याने अंग हलतं, शेपटी उघडते-मिटते, पंख सतत बदलतात, पण डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर असतं. हे फार महत्त्वाचं आहे. चालता चालता मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आठवा. त्यात सगळंच हलतं, म्हणून नेमकं काय हललं ते कळत नाही. नजर स्थिर असेल तर मात्र गवताच्या हजार पात्यांतलं एक पातं वेगळ्या लयीत हललेलं चटकन डोळ्यांत भरतं. उंच झाडावर किंवा खांबावर बसून राहणाऱ्या शिकारी पक्ष्याला ही स्थिरता फुकट मिळते. माळावर बसायला जागा नसते, म्हणून ती पंखांच्या जोरावर कमवावी लागते, आणि त्यात शक्ती बरीच खर्च होते.

गरुडाची नजर माणसाच्या आठपट तीक्ष्ण असते, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मोजमापं तसं सांगत नाहीत. मोठ्या गरुडांची नजर आपल्या साधारण दोन ते अडीचपट तीक्ष्ण असते, आणि तेही कमी नाही. केस्ट्रेलबद्दलही एक सुंदर गोष्ट फिरत असते. वोल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर आपल्या वाटांवर मूत्राचे थेंब टाकत जातात, ते थेंब अतिनील प्रकाशात उठून दिसतात आणि ते पाहून केस्ट्रेल उंदरांची वस्ती ओळखतो, असं फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं. पण २०१३ मध्ये शिकारी पक्ष्यांचे डोळे तपासले गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अतिनील प्रकाश फारसा आत शिरतच नाही असं आढळलं. पहिली गोष्ट इतकी मोहक आहे, की ती अजूनही खात्रीची म्हणून सांगितली जाते. आवडली म्हणून ती खरी मानता येणार नाही.

उडत्या पक्ष्याला हवेत पकडणं हे आणखी वेगळं काम. बहिरी ससाणा उंचावरून पंख मिटून खाली झेपावतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगात डोळ्यांपुढचं सगळं पुसट होईल असं आपल्याला वाटतं, कारण आपला डोळा सेकंदाला पन्नास-साठहून जास्त लुकलुकणी वेगळी ओळखू शकत नाही. त्यापुढे दिवा सलग लागल्यासारखा दिसतो. बहिरी ससाण्याच्या बाबतीत ही मर्यादा १२९ पर्यंत मोजली गेली आहे. आपल्याला जिथे पुसट पट्टा दिसतो, तिथे त्याला वेगवेगळी, स्पष्ट चित्रं दिसतात.

पण नजर चांगली असून भागत नाही. कबुतर सरळ उडत नाही. मग जायचं कुठे? कुत्रा चेंडूमागे धावतो तसं, सावज आत्ता जिथे आहे तिथे गेलं, तर पोहोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. याचं उत्तर समजायला एक साधा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुम्ही मैदानातून सरळ चालला आहात आणि बाजूने दुसरं कोणी तिरकं येत आहे. ती व्यक्ती तुमच्या नजरेत हळूहळू मागे सरकत असेल, तर तुम्ही आधी निघून जाल. पुढे सरकत असेल, तर ती आधी जाईल. पण ती एकाच दिशेला दिसत राहिली आणि नुसती मोठी मोठी होत गेली, तर तुमची टक्कर ठरलेली. टक्कर टाळण्यासाठी खलाशी हा नियम वापरतात. ससाण्याला टक्करच घडवायची असते. सावज नजरेत डावीकडे सरकू लागलं की तो डावीकडे वळतो, जितक्या भराभर सरकेल तितकं जास्त वळतो, आणि ते पुन्हा एका दिशेला स्थिर दिसेल असं पाहतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ससाण्यांच्या अंगावर छोटे कॅमेरे आणि जीपीएस बसवून २०१७ मध्ये हे दाखवलं. क्षेपणास्त्रांना लक्ष्याकडे नेणारा नियमही हाच आहे. यात सावज किती दूर आहे, त्याचा वेग किती, हे काहीच कळावं लागत नाही. ते नजरेत किती भराभर सरकतं आहे, एवढं कळलं की पुरे. आणि चतुर नावाचा कीटक, ज्याचा मेंदू मोहरीएवढाही नसेल, उडत्या माश्या-डासांना अशीच आडवी वाट काढून गाठतो. चतुराच्या दहा झेपांपैकी नऊहून अधिक यशस्वी होतात, असं निरीक्षणांत दिसलं आहे. मोठ्या नावाच्या कुठल्याच शिकाऱ्याला हे जमत नाही.

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी मात्र अशा लांबच्या पाठलागाच्या भानगडीत पडत नाही. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपटी यांमुळे त्याला फांद्यांमधून झटक्यात वळता येतं. पानांच्या आड दबा धरून बसायचं, काही मीटरांची झेप घ्यायची आणि जमलं नाही तर सोडून द्यायचं, ही त्याची रीत.

जमिनीवर येऊ. कोल्हा बर्फाखाली किंवा उंच गवतात फिरणाऱ्या उंदराचा कानोसा घेतो, डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलतं करतो, आणि मग उंच उडी मारून वरून त्याच्यावर कोसळतो. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी ८४ कोल्ह्यांच्या जवळजवळ ६०० उड्या नोंदवून २०११ मध्ये एक चक्रावून टाकणारी गोष्ट सांगितली. सावज दिसत नसताना ईशान्येकडे मारलेल्या चारपैकी साधारण तीन उड्या यशस्वी होत होत्या. नैर्ऋत्येकडच्याही बऱ्याचशा यशस्वी होत. बाकी दिशांना मात्र पाचपैकी एकसुद्धा धड साधत नव्हती. कोल्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग अंतर मोजायला करत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. आवाजावरून दिशा कळते, पण सावज नेमकं किती दूर आहे हे कळणं अवघड. तिथे अशा मोजपट्टीचा उपयोग होऊ शकतो. हा अजून अंदाजच आहे, पण आकडे नजरेआड करता येण्यासारखे नाहीत.

अंतराचा हाच प्रश्न मांजर डोळ्यांनी सोडवतं. मांजराच्या डोळ्यांतली बाहुली उजेडात उभी, फटीसारखी होते. वाघ-सिंहांची मात्र गोलच राहते. २०१५ मध्ये २१४ प्रजातींच्या डोळ्यांची तुलना झाली, तेव्हा असं दिसलं की ज्यांचे डोळे जमिनीपासून फार उंच नसतात आणि जे दबा धरून शिकार करतात, त्यांच्यात अशी उभी बाहुली जास्त आढळते. फटीसारख्या बाहुलीमुळे उभ्या कडा जवळच्या-लांबच्या सगळ्याच स्पष्ट दिसतात, आडव्या कडा मात्र नेमक्या अंतराच्या पुढे-मागे पुसट होतात, आणि या दोन्हींवरून डोकं न हलवता अंतर कळतं. डोकं हलवलं की चाहूल लागलीच. मात्र अगदी नाकापुढचं मांजराला नीट दिसत नाही. तोंडात धरलेला उंदीर त्याला जवळजवळ आंधळेपणीच सांभाळावा लागतो. तेव्हा मिशा पुढे वळतात आणि सावजाला वेढून घेतात. त्याची मान कुठे, पाय कुठे, हे मांजराला मिशा सांगतात.

सापाचं सगळंच आगळं. फुरसं किंवा घोणस उंदराच्या वाटेवर तासन् तास निपचित पडून राहतं. वाट कुठली, हे दुभंगलेल्या जिभेने कळतं. दोन टोकांवर वासाचे कण गोळा होतात, ज्या टोकावर जास्त ती बाजू बरोबर. चापडा आणि रॅटलस्नेक या विषारी सापांच्या डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एकेक खळगा असतो. त्यात ताणलेल्या पातळ पडद्याला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका तापमानाचा फरक जाणवतो. रात्रीच्या गार जमिनीवर उंदराचं उबदार अंग त्यांना असं कळतं. मग वार होतो. तो सुरू होऊन संपायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. आपल्या पापणीची उघडझाप याहून सावकाश होते.

विषारी साप दंश करून अनेकदा उंदराला लगेच सोडून देतो. धरून ठेवला तर उंदीर उलटून चावेल, डोळा फोडेल. सुटलेला उंदीर थोडं पळून कोसळतो आणि साप जीभ लपलपवत सावकाश त्याच्या मागावर निघतो. इतक्या उंदरांच्या वाटांमधून आपण चावलेल्याचीच वाट तो ओळखतो. रॅटलस्नेकच्या एका जातीत असं आढळलं आहे, की विषातलीच काही प्रथिनं सावजाचा वास बदलतात. म्हणजे विष मारतंही आणि खूणही करतं.

अजगर आणि बोआ विळखा घालतात. विळख्याने सावज गुदमरून मरतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१५ मध्ये स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी बोआच्या विळख्यातल्या उंदरांचा रक्तदाब मोजला. काही सेकंदांतच रक्ताभिसरण ठप्प होत होतं. श्वास कोंडून मरायला लागेल त्याच्या कितीतरी आधी मेंदूला रक्त मिळणं बंद होतं. त्याआधी त्यांनी मेलेल्या उंदरांच्या अंगात धडधडणारं कृत्रिम हृदय बसवून पाहिलं होतं. धडधड चालू असेपर्यंत बोआ आवळत राहिला, ती थांबल्यावर सैल झाला. इथेही चाहूलच, फक्त स्पर्शाने घेतलेली.

मारण्याच्या रीतीही सावजाच्या प्रतिकारावर बेतलेल्या असतात. छोट्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही. पंजा अधू झाला तर पुढची शिकारच नाही. शिक्रा आणि गरुड पंजांनी आवळतात. त्यांच्या बोटांतल्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोरांवर, आणि त्या कंडरांच्या आवरणावर बारीक खाचा असतात. वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी जशी ओढली की घट्ट होते आणि मागे सरकत नाही, तशी त्यांची पकड जास्त जोर न लावता टिकते. ससाण्यांचे पंजे त्या मानाने नाजूक, पण वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक उंचवटा असतो. तो मानेच्या मणक्यांमध्ये घुसला की काम झालं. खाटीक पक्षी तर चिमणीहून फारसा मोठा नाही, आणि त्याचे पाय सावज धरून ठेवण्याइतके बळकट नसतात. तो उंदराची मान चोचीत धरून त्याला गदागदा हलवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या हिसक्यांचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहापट भरला. मग सावज काट्यावर टोचून ठेवायचं आणि चोचीने लचके तोडायचे. पायांची उणीव त्याने काट्यांनी भरून काढली आहे. याला क्रूर म्हणणं मला पटत नाही.

एवढी सगळी तयारी असूनही बहुतेक शिकाऱ्यांचे बहुतेक प्रयत्न फसतात. घरटं सोडलेल्या शिकारी पक्ष्यांतले कितीतरी पहिलं वर्षही पाहत नाहीत, आणि त्यामागे उपासमार हे एक मोठं कारण असतं. कारण चाहूल घेणं हे उंदरालाही येतं. प्रयोगशाळेत वाढलेल्या, घार कधीच न पाहिलेल्या उंदराच्या डोक्यावरच्या पडद्यावर झपाट्याने मोठा होणारा काळा ठिपका दाखवला, तर तो तात्काळ आडोशाला पळतो किंवा थिजतो. हे २०१३ मध्ये दिसलं. पुढच्या प्रयोगांत आणखी बारकावा कळला. ठिपका लहानच राहून आकाशात नुसता सरकत गेला, तर उंदीर जास्त करून थिजतो. मोठा होऊ लागला, तर पळतो. लांबून घिरट्या घालणाऱ्याला हालचाल दिसू द्यायची नाही, आणि झेपावलेल्यापुढे थांबायचं नाही. हे गणित तो जन्मतःच घेऊन येतो.

उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू उंदीर तर घुबडाच्या त्या अबोल पंखांनाही पुरून उरतो. त्याच्या कवटीत मधल्या कानाच्या पोकळ्या इतक्या फुगलेल्या असतात, की दोन्ही मिळून मेंदूपेक्षा जास्त जागा व्यापतात. त्यांमुळे त्याला खर्जातले, अगदी मंद आवाज ऐकू येतात. झेपावणाऱ्या घुबडाच्या पंखांतून आणि वार करणाऱ्या सापाच्या अंगातून क्षणभर निघणारा आवाज नेमका तसाच असतो. तो कानी पडताच कांगारू उंदीर उभ्या जागेवरून हवेत उडी घेतो, आणि साप फारच जवळ आला असेल तर हवेतच त्याला मागच्या पायांनी लाथ मारून दूर ढकलतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रयोगात काही कांगारू उंदरांच्या कानांतल्या या पोकळ्या भरून लहान केल्या, तेव्हा अंधारात त्यांची ही उडी उशिरा पडू लागली आणि ते सापडू लागले.